‘साभार’ लिहिलं की चालतं का?

मे २०२५ मध्ये मोहक मंगल या यूट्यूबरनं एक व्हिडिओ टाकला आणि एरवी वकिलांपुरता राहणारा कॉपीराइटचा विषय घरोघरी पोचला. ‘एएनआय’ या वृत्तसंस्थेच्या काही सेकंदांच्या चित्रफिती आपण वापरल्या, त्यावरून संस्थेनं यूट्यूबकडे तक्रारी केल्या आणि त्या मागे घ्यायच्या तर लाखो रुपयांचा परवाना घ्या असं सांगितलं, हा त्याचा आरोप. संस्थेचं म्हणणं असं की चित्रण आमचं, हक्क आमचा आणि तो बजावणं म्हणजे खंडणी नव्हे. प्रकरण बदनामीच्या दाव्यापर्यंत, दिल्ली उच्च न्यायालयात गेलं.

त्यात कोण बरोबर हे ठरवायला न्यायालय आहे. पण चार-दहा सेकंदांवर कुणाची मालकी असते तरी कशी, हा प्रश्न फक्त यूट्यूबरचा नाही. २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांची अख्खी कविता पोस्टरवर छापून फेसबुकवर टाकणारी संस्था, चालू हिट गाण्यावर मिसळीची रील करणारा हॉटेलवाला, गणपतीत आरतीचं थेट प्रक्षेपण करणारं मंडळ आणि ‘छान आहे म्हणून पाठवतोय’ असं लिहून नाव नसलेला लेख पुढे ढकलणारे आपण, सगळे याच प्रश्नाच्या आसपास वावरतो.

हक्क मिळतो कधी?

कॉपीराइट म्हणजे आपण निर्माण केलेल्या गोष्टीची प्रत काढायची, ती छापायची, लोकांपर्यंत पोचवायची किंवा तिचं रूपांतर करायचं की नाही, हे ठरवण्याचा हक्क. सरकारी मराठीत त्याला प्रताधिकार म्हणतात, बोलताना सगळे कॉपीराइटच म्हणतात. आपल्याकडे तो १९५७ च्या कायद्यानं मिळतो आणि त्यासाठी काहीही करावं लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, शेवटी वर्तुळातला ‘सी’ काढायची गरज नाही, ‘सर्व हक्क राखीव’ असं लिहायचीही नाही. कविता कागदावर किंवा मोबाइलच्या नोंदवहीत उतरली की हक्क लागू. त्यामुळे ‘त्यावर कुठे लिहिलं होतं?’ या बचावाला अर्थ नाही. ‘गुगलवरून साभार’ला तर मुळीच नाही, कारण गुगल त्या फोटोचा मालक नाही. तो कुठे सापडेल एवढंच गुगल सांगतं.

हक्क असतो तो मांडणीवर, कल्पनेवर नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये आर. जी. आनंद यांच्या खटल्यात हे स्पष्ट केलं. आंतरप्रांतीय लग्नाचा विरोध या विषयावर एकानं नाटक लिहिलं म्हणून दुसऱ्याला त्यावर चित्रपट काढायची बंदी होत नाही. बातमीचंही तसंच. धरणाचे दरवाजे उघडले ही घटना कुणाच्याच मालकीची नाही, पण पुलावर उभं राहून एखाद्यानं केलेलं तिचं चित्रण त्याचं असतं. एएनआय प्रकरणात बरेच जण इथेच गोंधळले. ‘बातमीवर कसली मालकी?’ हे म्हणणं खरं आहे, पण चित्रफीत ही बातमी नाही.

आता मालक कोण? साधारणपणे ज्यानं निर्माण केलं तो. नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम नोकरी देणाऱ्याचं, वेगळा करार नसेल तर. आणि एक गोष्ट जिचं अनेकांना आश्चर्य वाटतं: पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, तसा करार केलेला नसेल तर, पैसे देणारा असतो. म्हणजे तुमच्या लग्नाच्या अल्बमवर तुमचा हक्क आहे, आणि फोटोग्राफरला ते फोटो जाहिरातीसाठी इन्स्टाग्रामवर टाकायचे असतील तर त्यानं तुम्हाला विचारायला हवं. आजकाल बरेच फोटोग्राफर हे कलम करारात उलटं करून घेतात, म्हणून सही करण्यापूर्वी ती ओळ शोधावी.

एका गाण्याचे तीन मालक

सर्वाधिक घोळ गाण्यात होतो, कारण ऐकताना एकच वाटणाऱ्या गाण्यात कायद्याला तीन वस्तू दिसतात. शब्द वेगळे, चाल वेगळी आणि ध्वनिमुद्रण वेगळं. तिघांचे मालक वेगळे असू शकतात आणि मुदतीही वेगळ्या.

शब्द आणि चाल यांचा हक्क कवीच्या किंवा संगीतकाराच्या हयातभर आणि मृत्यूनंतरच्या पुढल्या वर्षापासून ६० वर्षं राहतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झाल्याच्या पुढल्या वर्षापासून ६० वर्षं. गीतरामायण पुणे आकाशवाणीवरून १९५५ मध्ये सुरू झालं, सत्तर वर्षं होऊन गेली, म्हणून ते आता सगळ्यांचं, असं कुणी म्हणालं तर हिशोब असा होतो: गदिमा १९७७ मध्ये गेले, त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ संपेपर्यंत. सुधीर फडके २००२ मध्ये गेले, त्यांच्या चालींवरचा २०६२ संपेपर्यंत. १९६० साली निघालेल्या एखाद्या तबकडीच्या ध्वनिमुद्रणाची मुदत मात्र संपलेली आहे, कारण १९६४ पर्यंत प्रसिद्ध झालेली ध्वनिमुद्रणं २०२४ च्या अखेरीपर्यंत मोकळी झाली. म्हणजे तबकडी मोकळी आणि तिच्यातलं गाणं बांधलेलं, अशीही स्थिती येते.

उलट बाजूही आहे आणि ती गणपतीत कळते. ‘सुखकर्ता दुःखहर्ता’ समर्थ रामदासांची. त्या शब्दांवर कुणाचाही कॉपीराइट नाही, परंपरेनं चालत आलेल्या चालीवरही नाही. पण मंडळाच्या प्रक्षेपणात मागे एखाद्या कंपनीनं काढलेली, नामवंत गायिकेच्या आवाजातली आरती लावली असेल, तर ते ध्वनिमुद्रण त्या कंपनीचं. यूट्यूबचं यंत्र ते ओळखतं आणि मालकाला कळवतं. तीच आरती कार्यकर्त्यांनी टाळ-झांजांवर स्वतः म्हटली तर कायद्यानं काहीही अडत नाही. तरीही यंत्राकडून कधी चुकून दावा येऊ शकतो, कारण ते फक्त सूर जुळवतं, रामदास कोण हे त्याला ठाऊक नसतं. असा दावा नाकारता येतो आणि नाकारावा.

पुस्तकांना तोच नियम. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं लेखन २०११ पासून सर्वांसाठी खुलं आहे. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, त्यांच्या कवितांवरचा हक्क २०५९ पर्यंत चालेल. मराठी भाषा गौरव दिनी पोस्टर करणाऱ्यांवर कुणी खटले भरत नाही. पण कुणी रागावत नाही म्हणून परवानगी आहे असं होत नाही, आणि तीच कविता कॉफीच्या मगांवर छापून विकली तर चित्र नक्की बदलेल.

‘पण नाव तर दिलंय!’

शेजारच्या जोशीकाकांची सायकल न विचारता नेली आणि हँडलला पाटी लावली, ‘ही सायकल जोशीकाकांची आहे, त्यांचे आभार’. सायकल न विचारताच नेली, हे त्या पाटीनं बदलत नाही. ‘साभार’, ‘क्रेडिट टू ओनर’, ‘नो कॉपीराइट इन्फ्रिंजमेंट इन्टेंडेड’ या सगळ्या त्या पाट्या आहेत. शेवटची तर आपल्याला माहीत होतं याचीच कबुली.

म्हणून नाव देण्याला किंमत नाही असं मात्र नाही. कायदा इथे दोन वेगळे हक्क मानतो. एक पैशाचा: वापरायची परवानगी देणं, विकणं, भाड्यानं देणं. दुसरा मानाचा. तो कलम ५७ मध्ये आहे: हे मी केलंय असं म्हणण्याचा, आणि माझ्या नावाला बट्टा लागेल अशी मोडतोड कुणी केली तर ती थांबवण्याचा. पैशाचा हक्क विकून टाकला तरी मानाचा शिल्लक राहतो. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं भव्य भित्तिशिल्प दिल्लीच्या विज्ञान भवनात होतं. नूतनीकरणात सरकारनं ते १९७९ मध्ये काढलं आणि गोदामात टाकलं, त्याची नासधूस झाली. शिल्प सरकारचं, पैसे दिलेले. तरीही दिल्ली उच्च न्यायालयानं २००५ मध्ये सहगल यांच्या बाजूनं निकाल दिला, उरलेलं शिल्प त्यांना परत द्यायला लावलं आणि पाच लाख रुपयांची भरपाईही दिली.

या दोन हक्कांपैकी आपल्या समाजात जास्त तुडवला जातो तो दुसरा, असं माझं मत आहे, आणि त्याला सबब नाही. परवानगी मिळवायला पत्ता शोधावा लागतो, कधी पैसे मोजावे लागतात. नाव ठेवायला काहीच लागत नाही, ते खोडायलाच बोट चालवावं लागतं. तरी कवितेखालची ओळ निवडून पुसली जाते, ‘कवी: अनामिक’ असं लिहिलं जातं, नाहीतर एखाद्या लोकप्रिय नटाचं किंवा पोलीस अधिकाऱ्याचं नाव चिकटवलं जातं. हे शेवटचं सर्वांत वाईट, कारण त्यात दोघांवर अन्याय होतो: लिहिणाऱ्याचं जातं आणि ज्यानं लिहिलेलंच नाही त्याच्या माथी बसतं.

‘दहा सेकंदच वापरले’

तीन सेकंद चालतात, दहा चालतात, तीस चालतात, दहा टक्के चालतात, असं प्रत्येकानं ऐकलेलं असतं. आपल्या कायद्यात असा एकही आकडा नाही. कलम ५२ मध्ये आहेत ती कारणं: खाजगी वापर आणि संशोधन, समीक्षा किंवा टीका, चालू घडामोडींचं वार्तांकन. या कारणांसाठी दुसऱ्याचं काम रास्त प्रमाणात वापरायला परवानगी लागत नाही. ही मेहेरबानी नव्हे, कायद्यानं लोकांना दिलेली मोकळीक आहे. ती नसती तर ज्याचं पुस्तक वाईट त्याच्याच परवानगीनं त्यावर टीका लिहावी लागली असती.

रास्त म्हणजे किती? केरळ उच्च न्यायालयानं १९९६ मध्ये एका नाटकाला उत्तर देणाऱ्या दुसऱ्या नाटकाच्या वादात तीन गोष्टी पाहिल्या. किती घेतलं आणि त्यावर स्वतःचं भाष्य किती आहे, कशासाठी घेतलं, आणि यामुळे मूळ कामाचं गिऱ्हाईक तुटेल का. हा कस लावून बघा. चित्रपटातला अर्ध्या मिनिटाचा प्रसंग दाखवून पाच मिनिटं त्यातल्या कॅमेऱ्याबद्दल बोललात तर बाजू भक्कम. त्याच चित्रपटाचा शेवटचा पंधरा सेकंदांचा धक्का नुसता कापून ‘बघाच’ म्हणून टाकलात तर सेकंद कमी असूनही बाजू कच्ची. एएनआयच्या वादातला खरा कायदेशीर प्रश्नही हाच आहे: त्या फिती टीका-वार्तांकनासाठी गरजेपुरत्या घेतल्या, की स्वतःचं चित्रण नाही म्हणून जागा भरायला?

एक गंमत. बऱ्याच मराठी चॅनलांच्या वर्णनात खाली इंग्रजीत एक परिच्छेद चिकटवलेला असतो, ‘सेक्शन १०७’नुसार हा वापर योग्य आहे असा. ते कलम अमेरिकेच्या १९७६ च्या कायद्यातलं आहे. आपला कायदा ७९ व्या कलमाला संपतो.

‘मी कुठे पैसे कमावतोय?’

पैसे न कमावणं उपयोगी आहे, पण पुरेसं नाही. गाणं स्वतःच्या फोनवर ऐकणं, घरच्या चार जणांना कवितेचा फोटो पाठवणं हा खाजगी वापर म्हणता येईल. शेकडो सभासदांच्या ग्रुपला किंवा सर्वांना दिसणाऱ्या पेजला खाजगी म्हणणं अवघड. वृत्तपत्राची पूर्ण पीडीएफ रोज सकाळी ग्रुपवर टाकणं तर सरळसरळ गिऱ्हाईक तोडणं आहे.

फौजदारी शिक्षेत मात्र हा फरक दिसतो. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षं तुरुंगवास आणि ५० हजार ते दोन लाख दंड आहे, पण धंद्यासाठी किंवा नफ्यासाठी केलं नसेल तर न्यायालय कारणं नोंदवून शिक्षा कमी करू शकतं. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात आणि जामीन हक्कानं मिळत नाही. म्हणून कविता पुढे पाठवणाऱ्याच्या दारात पोलीस येतील असं नाही. पण चित्रपटाच्या चोरट्या प्रती टेलिग्रामवर वाटणाऱ्यानं हे कलम हलक्यात घेऊ नये.

मिसळवाल्याचं काय? इन्स्टाग्रामनं गाण्यांच्या कंपन्यांशी केलेले करार मुख्यतः वैयक्तिक, बिगरव्यापारी वापरासाठी असतात. दुकानाच्या खात्याला म्हणूनच गाणी कमी दिसतात. स्वतःच्या खाजगी खात्यावरून तेच गाणं लावून दुकानाची जाहिरात केली तरी ती जाहिरातच राहते. मोठ्या ब्रँडांना याच कारणानं नोटिसा जातात.

लग्नातल्या गाण्यांना कायद्यानंच सूट दिली आहे. धार्मिक विधी, वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ यांत गाणी वाजवणं उल्लंघन नाही. यावरून गोव्यात मोठा वाद झाला, कारण तिथे लग्न हा हॉटेलांचाही धंदा आहे. अशा समारंभांत कुणी रॉयल्टी मागू नये असं परिपत्रक गोवा सरकारनं जानेवारी २०२४ मध्ये काढलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोव्यातल्या खंडपीठानं ते त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रद्द केलं. कायद्यातली सूट कायम आहे, परिपत्रक काढून ती रुंद करता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. आणि मांडवात वाजवायला सूट आहे म्हणून त्या व्हिडिओला यूट्यूबवर सूट मिळेलच असं धरू नका.

यूट्यूबचा स्ट्राइक म्हणजे निकाल का?

नाही, पण निकालापेक्षा लवकर लागतो. फेसबुक, यूट्यूबसारख्या कंपन्या दुसऱ्यांनी टाकलेल्या मजकुरासाठी सहसा जबाबदार नसतात, मात्र तक्रार आली की त्यांना हालचाल करावी लागते. मायस्पेस या संकेतस्थळाच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयानं २०१६ मध्ये हे मान्य केलं: कंपनीला नेमकं कोणतं काम, कुठे, हे कळवलं पाहिजे. कळवूनही ती गप्प बसली तर तिचं संरक्षण जाऊ शकतं. साहजिकच कंपनी आधी व्हिडिओ उतरवते आणि मग विचार करते.

यूट्यूबवर दोन वेगळ्या गोष्टी घडतात. यंत्रानं ओळखलेल्या ‘क्लेम’मध्ये व्हिडिओ बहुधा राहतो, जाहिरातीचे पैसे मालकाकडे जातात. ‘स्ट्राइक’ हा मालकानं रीतसर तक्रार केल्यावर येतो, व्हिडिओ जातो, आणि ९० दिवसांच्या काळात असे तीन झाले तर चॅनलच बंद होऊ शकतो. ज्याचं पोट चॅनलवर आहे त्याच्यासाठी हे ९० दिवस कुठल्याही दंडापेक्षा जड असतात, आणि तक्रारदाराला हे पक्कं ठाऊक असतं. माझ्या मते खरा असमतोल इथे आहे. हक्क मालकाचा असेलही, पण वापर रास्त होता का हा प्रश्न कुणी तपासण्याआधीच एका बाजूचा गळा आवळलेला असतो आणि तडजोडीची रक्कम त्या अवस्थेत ठरते.

उपाय आहेत, वापरले कमी जातात. प्रति-नोटीस, म्हणजे तक्रार चुकीची आहे असं यूट्यूबला रीतसर कळवणारं उत्तर, देता येते. ती दिल्यावर तक्रारदारानं साधारण दहा कामकाजाच्या दिवसांत न्यायालयात गेल्याचं दाखवलं नाही तर व्हिडिओ परत येऊ शकतो. मात्र प्रति-नोटिशीत खरं नाव-पत्ता द्यावा लागतो आणि खटल्याला तोंड द्यायची तयारी लागते, म्हणून आधी वकिलाशी बोलावं. आपल्या कायद्याचं कलम ६० तर फारच थोड्यांना माहीत आहे: कॉपीराइटच्या नावाखाली कुणी निराधार धमक्या देत असेल तर धमकी मिळालेला माणूसच न्यायालयात जाऊन त्या थांबवण्याचा आदेश आणि नुकसानभरपाई मागू शकतो.

आवाजाचं काय?

एआयला सांगून एखाद्या गायिकेच्या आवाजात नवं गाणं काढलं, तर कुठल्याच ध्वनिमुद्रणाची प्रत काढलेली नसते. आवाजावर कॉपीराइट नसतो, शैलीवरही नाही. तरी मुंबई उच्च न्यायालयानं २०२४ मध्ये अरिजित सिंग आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आशा भोसले यांना अशा नकलांविरुद्ध अंतरिम संरक्षण दिलं. आधार वेगळा होता: नाव, आवाज, चेहरा ही त्या व्यक्तीची ओळख आहे आणि तिचा धंदेवाईक वापर तिच्या संमतीशिवाय करता येत नाही. यासाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. विडंबन आणि नक्कल यांना जागा किती राहणार हेही ठरायचं आहे, आणि नकलाकारांची मोठी परंपरा असलेल्या मराठी रंगभूमीला त्यात रस असायला हवा.

तुमचीच कविता नाव कापून फिरत असेल तर

आधी एक गैरसमज: फेसबुकवर टाकलं म्हणजे ते फेसबुकचं झालं, असं नाही. मालकी तुमचीच राहते, कंपनीला ते दाखवायचा आणि पसरवायचा परवाना मिळतो. दर काही महिन्यांनी येणारा ‘उद्यापासून फेसबुकचा नवा नियम, हे कॉपी करून भिंतीवर टाका’ हा संदेश कायद्याच्या दृष्टीनं कोरा कागद आहे.

सार्वजनिक पेजवर चोरी दिसली तर त्या कंपनीच्या कॉपीराइट तक्रारीच्या फॉर्मवर मूळ पोस्टची लिंक आणि चोरलेल्या पोस्टची लिंक द्यावी. २०१३ च्या नियमांप्रमाणे रीतसर तक्रारीनंतर ३६ तासांत त्यांनी तो मजकूर दिसेनासा करायचा असतो. तो २१ दिवस बंद राहतो, त्यापुढे बंद ठेवायला न्यायालयाचा आदेश आणावा लागतो. व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र हा मार्ग जवळपास बंद आहे, कारण ग्रुपमधले संदेश कंपनीलाच वाचता येत नाहीत. तिथे मूळ पोस्टची लिंक टाकून ‘ही माझी आहे’ एवढंच म्हणता येतं.

म्हणून पुरावा आधीच तयार ठेवावा. कविता पहिल्यांदा कुठेतरी तारखेनिशी, सर्वांना दिसेल अशी प्रसिद्ध करावी आणि मगच ग्रुपवर सोडावी. नाव तळाशी वेगळ्या ओळीत लिहिलं तर पुसायला सोपं जातं. तुकोबांनी ते ‘तुका म्हणे’ म्हणून छंदातच बांधलं, तिथून ते काढायचं तर अभंगच मोडतो. तेवढं जमलं नाही तरी चित्रावर कविता उतरवताना नाव ओळींच्या मध्येच, कडेला कापता येणार नाही असं घालता येतं. आणि मूळ फाइल, तिच्या तारखेसकट, जपून ठेवावी. वाद झालाच तर आधी कोणी लिहिलं हे तीच दाखवेल.